सतरा नंबरच्या खिडकीतला कूलर

१

माझं काम ऐकलं की लोक आधी विचारतात, "हे काम आहे होय?" आणि पाठोपाठ, "मग सकाळी जाता कुठे?" काम आहे, आणि जात कुठेच नाही. अमरावतीत वलगाव रोडला लागून असलेल्या वस्तीत बाबांनी बांधलेलं आमचं तीन खोल्यांचं घर आहे. त्याच्या मधल्या खोलीतल्या टेबलाशी बसून मी फोटो साफ करतो. फोटो समुद्रकाठच्या एका जुन्या बंदराच्या शहराचे असतात. शहराचं नाव सांगत नाही. तिथली घरं अजून भाड्याने जायची आहेत आणि ती लावून देणारा नितेश माझा मित्र आहे.

नितेश अकोल्याचा. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. नोकरीसाठी तो त्या शहरात गेला, तिथलाच झाला, आणि आता त्याची वेबसाइट आहे. तिचे तीन भाग आहेत: शहरात काय पाहावं, कुठल्या मोहल्ल्यात राहावं, आणि घरं. पहिल्या भागात मी दीपस्तंभापुढचे पर्यटक आणि जुन्या जकात कचेरीसमोरच्या मोटारसायकली पुसतो. दुसऱ्यात विजेच्या तारा आणि कुत्री. तिसऱ्यात माणसं. घरात कोणी राहतं असं दिसलं की पाहणाऱ्याला ते आपलं वाटत नाही, असं नितेश म्हणतो. म्हणून दोरीवरचे कपडे, दारातल्या चपला, खुर्चीत बसून राहिलेले आजोबा, सगळं काढायचं. जे काढायचं त्याभोवती तो लाल गोल करून पाठवतो. मी गोलातलं पुसतो आणि भोक शेजारच्या भिंतीच्या तुकड्याने बुजवतो. नीट बुजवलं की तिथे काही होतं हे कोणाला कळत नाही. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

भिंतीवरच्या तसबिरी कोणाच्याही असोत, काढायच्या. लक्ष्मी, मदिना, येशू. एकदा एका घरातून बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर काढायची आली तेव्हा हात थांबला होता. माझ्या डोक्यावर तीच टांगलेली. माझ्या बायकोला, दीक्षाला, सांगितलं तर ती म्हणाली, "मंग नका काढू." काढली. पुढे हात थांबायचा बंद झाला.

समुद्र मी पाहिलेला नाही. त्या शहराची गल्ली न् गल्ली मात्र पाठ आहे, आणि ती सगळी माझ्या डोक्यात निर्मनुष्य आहे.

दीक्षा वलगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. सकाळी बसने जाते, सहाच्या सुमाराला येते. दिवसभर घरात मी आणि आई. आई म्हणजे केशरबाई, वय बहात्तर, बोलायला फटकळ. मागच्या मे महिन्यात तिला ऊन लागलं. तीन दिवस दवाखान्यात होती आणि मला बाबांच्या नावाने हाक मारत होती. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही, उन्हाळाभर यांना कूलरपुढून हलू देऊ नका. कूलर मागच्या खोलीत. तेव्हापासून आई मागच्या खोलीत, आणि तिला जपणं हे माझं दुसरं काम. खरं तर तेच पहिलं.

२

एप्रिलच्या सुरुवातीला सतरा नंबरच्या घराचे फोटो आले. जकात कचेरीच्या मागची गल्ली, दुसरा मजला, लाल चौकोनी फरशी, मोठी खिडकी. खिडकीची खालची काच फुटलेली आणि त्यात कबुतरांनी संसार मांडलेला. लाल गोल नेमका त्यावर. काच नवी दाखवायची तर तिच्यातून बाहेरचं काय दिसेल तेही रंगवत बसावं लागतं. बाहेर पारा चव्वेचाळीसला, डोकं भणभणत होतं. उन्हाळ्यात खिडकीत काय असतं? कूलर असतो. बिनकूलरची खिडकी मला तशीही उघडीबोडकी वाटते. मागच्या खोलीत जाऊन मी आमच्याच कूलरचा समोरून एक फोटो काढला, कापला आणि त्या खिडकीत बसवला. असा बसला की मीच खूश झालो.

तीन दिवसांनी नितेशचा फोन आला. तो हसतच होता.

"अबे अनुप्या, इथं कूलर कोन लावते? इथं हवाच ओली आहे. कूलर लावला त मानसाले बुरशी येईन."

"लावत नाहीत?"

"पूऱ्या शहरात एक नाही. अस्सल वऱ्हाडी आहे बे तू. घर म्हटलं की कूलर." मग म्हणाला, "राहू दे आता. साइटवर चढला आहे, कोनी इचारलं त पाहू."

मी आईला सांगितलं. तीही हसली. म्हणाली, "त्याहिले नसंन गरज. आपल्याले देवानं भट्टीत टाकलं." आई देव मानत नाही, पण उन्हाळ्यात त्याला शिव्या घालण्यापुरता ठेवला आहे.

३

दहा दिवसांनी नितेशने सतरा नंबरचेच नवे फोटो पाठवले. एका गिऱ्हाइकाला खोल्या दुसऱ्या बाजूनेही पाहायच्या होत्या, म्हणून फोटोवाला पुन्हा जाऊन आला होता. तिसऱ्या फोटोत खिडकी होती आणि खिडकीत कूलर होता.

मला वाटलं, माझाच फोटो चुकून परत आला. पण माझा समोरून होता. हा बाजूने घेतलेला होता, आणि कूलरच्या बाजूच्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने 'दे. सो.' लिहिलेलं होतं.

आमच्याकडे मार्चमध्ये सगळ्या वस्तीचे कूलर दुरुस्तीला जातात. सगळे तसेच हिरवे, तसेच पत्र्याचे, त्यामुळे परत येताना अदलाबदल होते आणि भांडणं लागतात. म्हणून जो तो आपल्या कूलरवर नावाची अक्षरं रंगवून ठेवतो. बाबांचं नाव देवमन सोनाजी. अक्षरं त्यांनी स्वतः काढलेली, आणि 'सो'च्या कान्याचा रंग जास्त झाल्यामुळे एक ओघळ खालपर्यंत आलेला. फोटोत तो ओघळही होता. मी पाठवलेल्या चित्रात ती बाजू नव्हतीच.

उठून मागच्या खोलीत गेलो. कूलर जागेवर होता, चालू होता. अक्षरं होती, ओघळ होता. आई खाली बसून तूरडाळ निवडत होती.

"काय पाह्यतं रे बाप्पा? नवा आहे का तो?"

"काही नाही," म्हणालो.

नितेशला फोन केला. तो दोनदा आमच्याकडे जेवायला आलेला आहे, आईच्या हातचं मटण खाऊन गेलेला आहे. त्याने तेव्हा कूलरचा फोटो काढला असेल आणि आता माझी फिरकी घेत असेल, असं मी धरून चाललो.

"मी काहून घेऊ तुही फिरकी?" तो म्हणाला. "मले वाटलं मालकानं आनून ठेवला. फोटोवाला म्हने चालू होता, गार वारा मारून राहिला होता. मी म्हटलं लेका, त्या घराची लाइन कापून सहा महिने झाले."

"मग?"

"मग काय. पार्टीले आवडला. त्याहिले वाटलं काहीतरी जुनी वस्तू आहे. राहू दे तसाच."

मी राहू दिला. तो पुसायचा विचार मनात आला नव्हता असं नाही. पण पुसला तर कोणता जाईल, तिथला की इथला, हा प्रश्न पडला. आणि असा प्रश्न पडणं हेच वेडेपणाचं आहे असं ठरवून मी दुसरे फोटो उघडले.

४

मग कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे बाजूच्या जाळीतल्या गवतावर, पांढरे खडे धरायला लागले. पाण्याचा क्षार धरतो हे मला ठाऊक आहे. पण आमच्या नळाला धरणाचं गोड पाणी येतं आणि ताट्या नव्या होत्या. टाकीत क्षार साठला असेल, अशी मी समजूत घातली. आईने कूलरच्या टबात बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारं आहे," ती म्हणाली.

"तुझं माहेर दर्यापूरकडचं. तुले सगळंच खारं लागते."

"म्हनूनच सांगतो. आमच्या गावची हीर खारी होती, मी वीस वर्सं ते पानी पेली. हे ते खारं नाही. याले वास आहे."

वास मलाही येत होता, पण मी तो कबूल करत नव्हतो. गच्चीवर कडकडीत वाळलेल्या कुरडया आईने मागच्या खोलीतल्या डब्यात भरल्या होत्या, त्या चार दिवसांत मऊ पडल्या. अमरावतीत, एप्रिलमध्ये. काडेपेटीची काडी त्या खोलीत ओढली तर गुल निघून यायचा. दुपारी तीनच्या सुमाराला एक लांब, जाड भोंगा ऐकू यायचा. बडनेरा स्टेशनातलं इंजिन असेल. बडनेरा इथून बराच लांब आहे, पण दुपारी शांतता असते, आवाज येऊ शकतो.

एकदा मी चहा घेऊन गेलो तर आई कूलरच्या जवळ सरकून, कान देऊन बसली होती.

"तिकून लोकं येतेत," ती म्हणाली.

"कुठून?"

"कूलरच्या तिकून. घर पाहाले येतेत. फिता लावून मोजतेत. एक बाई म्हने स्वैपाकाची खोली लहान आहे."

"मंग तू काय म्हटलं?"

"मी कायले बोलू? आपलं घर थोडी आहे ते."

ती घाबरलेली नव्हती. उलट तिला करमत होतं. दिवसभर मी स्क्रीनमध्ये तोंड घालून असतो, तिच्याशी बोलतं कोण. दुसऱ्या दिवशी तिने मला मुद्दाम हाक मारून सांगितलं, "आज एकानं मले पाह्यलं. इतका जवय आला होता. तो दुसऱ्याले म्हने, हे म्हातारी घरासोबत आहे का?" आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

दीक्षाने तिचं बीपी पाहिलं, साखर पाहिली, जीभ-डोळे तपासले आणि बाहेर आली. सगळं ठीक. मागच्या वर्षीच्या उन्हाने डोक्यावर थोडा परिणाम राहिला असेल, असं आम्ही दोघांनी ठरवलं. भाकरी थापता थापता दीक्षा म्हणाली, "पन आईच्या लुगड्याले मासोयीचा वास येते. आपन महिनाभर मासोयी आनली नाही."

मला आईला त्या खोलीतून हलवायचं होतं. एक दुपार पुढच्या खोलीत बसवून पाहिली. ती खोली पश्चिमेची, चार वाजता भिंतीला हात लावता येत नाही. तासाभरात आईचा चेहरा लाल झाला आणि तिने मला देवमन म्हणून हाक मारली. मी तिला उचलूनच परत कूलरपुढे नेलं. खारा तर खारा, वारा गार होता.

५

एप्रिल संपता संपता एका सकाळी नितेशचे फोटो आले. "सतरा नंबर, अर्जंट, पार्टी पक्की होऊन राहिली." चौथ्या फोटोत खिडकीखाली लाल गोल होता.

गोलात एक म्हातारी बसली होती, कॅमेऱ्याकडे पाठ करून. पांढरं लुगडं, हिरवा काठ, मानेवर काळ्या गोफाने बांधलेला लहानसा अंबाडा. डावा हात जमिनीवर टेकलेला, कारण डावा गुडघा दुखतो. सगळ्या खोलीत लाल फरशी होती. तिच्याखाली तेवढे चार तुकडे काळपट शहाबादीचे होते, आणि एका तुकड्याला तडा गेलेला होता.

खाली नितेशने लिहिलं होतं, "बाई काढून टाक."

मी उठलो. मागच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. आई खिडकीखाली बसली होती, माझ्याकडे पाठ करून, डावा हात जमिनीवर टेकून.

"आई."

ती वळली. "काय झालं? चेहरा काहून असा केला?" कपाळावरचं गोंदण, वरचा पडलेला दात, सगळं होतं तसं होतं. मी तिचा हात धरून तिला उठवलं आणि पुढच्या खोलीत नेलं. दारं-खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या, तिच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला, आणि नितेशला फोन लावला.

"ती बाई काढायची नाही," मी म्हणालो.

"काहून?"

"माझी आई आहे."

तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "अनुप, मावशीले मी ओयखत नाही का? हे कोनतीतरी म्हातारी आहे. शेजारची आली असंन. तोंड तरी दिसून राहिलं का तुले?"

"फरशी पाहा. आमची आहे."

"उन्हात जास्त बसू नको बे तू."

"दोन दिवस थांब," मी म्हणालो. "एवढं माझं ऐक."

तो बरं म्हणाला. फोन ठेवल्यावर मला ते खुर्चीतले आजोबा आठवले. मागच्या वर्षीचे. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं, आणि त्यांना पुसताना मला फक्त वर्तमानपत्राच्या कडेचा त्रास झाला होता. इतक्या वर्षांत अशी किती माणसं पुसली ते मला सांगता येणार नाही. त्यांचं पुढे काय झालं हे विचारावं असं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी दीक्षा आल्यावर आम्ही दोघांनी कूलर काढून पुढच्या खोलीच्या खिडकीत बसवला. टब रिकामा करून घासला, नव्या ताट्या घातल्या. मागच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली. आई कुरकुरली, तिला इथून कोणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पण रात्री शांत झोपली. वारा कोरडा, गवताच्या वासाचा येत होता. मला इतकं बरं वाटलं की मी जास्तीची भाकरी खाल्ली.

६

तिसऱ्या दिवशी दुपारी आई पुढच्या खोलीत खाटेवर पडली होती. तिने आवाज दिला, "अनुप, पानी दे रे." मी माठातून गडवा भरला. तेवढ्यात टेबलावरच्या फोनवर नितेशचा मेसेज वाजला. गडवा हातात घेऊनच वाचला.

"मालक थांबत नव्हता. आपल्या अकोल्याच्या पिंटूले दिलं, त्यानं दोन मिनटात करून देलं. वर चढवलं. राग मानू नको."

खाली फोटो होता. लाल फरशी, खिडकी, कूलर. खिडकीखाली शहाबादीचे चार तुकडे तसेच होते, त्यांवर कोणी नव्हतं. काम स्वच्छ होतं. फक्त पिंटूने बाईची जागा बुजवायला शेजारचाच तुकडा उचलला होता, त्यामुळे एकच तडा शेजारी शेजारी दोनदा आला होता. घाईच्या कामात हे राहतं.

मी पुढच्या खोलीत गेलो. कूलर चालू होता. खाटेवरची चादर सपाट होती, नुकतीच अंथरल्यासारखी. बाहेरच्या दाराची कडी आतून लागलेली होती.

संडास पाहिला, गच्ची पाहिली, शेजारच्या शालूताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, या उन्हात म्हातारं मानूस कुठी जाईन? मग कुलूप काढून मागची खोली उघडली. कोणी नव्हतं. खिडकीखाली फरशीला तडा होता, आणि त्याच्या शेजारी तसाच दुसरा होता, तेवढाच, त्याच वळणाचा. बाबांनी फरशी बसवल्यापासून तिथे एकच तडा आहे. मी चप्पल काढून दोन्हींवरून पाय फिरवला. दोन्ही पायाला लागत होते.

७

पुढचा दीड तास मी काय केलं ते मला नीट सांगता येतं, कारण ते माझं रोजचंच काम होतं.

चौथा फोटो, न पुसलेला, माझ्याकडे होता. पिंटूने साफ केलेला नितेशने पाठवलेलाच होता. पहिल्यातून आई कापायची आणि दुसऱ्यात बसवायची. कूलर असाच गेला होता ना? आईचे दुसरे फोटो माझ्याकडे नव्हते असं नाही. मागच्या बुद्ध पौर्णिमेचा विहारातला आहे, ती समोर बघून हसते आहे. तो मी उघडला, मोठा करून पाहिला आणि बंद केला. त्यात उजेड दुसरीकडून येतो. एका उजेडातलं माणूस दुसऱ्या उजेडात बसत नाही, कितीही केलं तरी चिकटवल्यासारखं दिसतं. या धंद्यात पहिला धडा हाच. जिथून काढलं तिथलंच परत ठेवलं की सांधा दिसत नाही.

म्हणून मी तीच घेतली. अंबाड्याचे सुटलेले केससुद्धा एक एक करून कापले. जिथे होती तिथेच बसवली, खाली सावली दिली. हात घामाने ओले होते आणि मी मोठ्याने रडत होतो, पण काम चोख झालं. वेबसाइटची चावी माझ्याकडे असतेच. चढवलं आणि बसून राहिलो.

मागच्या खोलीत बांगड्या वाजल्या.

ती खिडकीखाली बसली होती. पांढरं लुगडं, हिरवा काठ, डावा हात टेकलेला. "आई," मी म्हणालो. ती वळली नाही. मी जाऊन खांद्याला हात लावला. खांदा गरम होता, लुगडं दमट होतं. श्वास चालू होता. मी तिथेच बसून तिच्या पाठीवर डोकं टेकलं आणि लहानपणी रडलो नसेन तेवढा रडलो. ती काही म्हणाली नाही. रागावली असेल असं वाटलं. तिला रागवायचा हक्कच होता.

८

सहाला दीक्षा आली. मी तिला सगळं सांगितलं, कूलरपासून. ती नर्स आहे, मधे बोलत नाही. ऐकून घेतलं, हात धुतले, चहा केला आणि आईचा कप घेऊन आत गेली. मी मधल्या खोलीतच थांबलो. तोपर्यंत मी आईच्या पाठीमागेच होतो. पुढून गेलो नव्हतो. का गेलो नव्हतो ते स्वतःलाही विचारलं नव्हतं.

दीक्षा बाहेर आली तेव्हा तिने आधी स्टूल ओढून घेतलं आणि बसली.

"मी खिडकीच्या बाजूनं बी जाऊन पाह्यलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तिकून बी पाठच आहे."

पुढच्या खोलीतला कूलर कोणी बंद केला नव्हता. आम्ही दोघं तो ऐकत बसलो.

"दुसरा फोटो आहे म्हटलं ना तुमी," दीक्षा म्हणाली. "हासून राहिल्या तो."

"आहे."

"मंग तो लावा. चिकटवल्यावानी दिसल्या त दिसल्या."

"लावता येतो," मी म्हणालो. "पण त्याच जागी लावायचा तर आधी ही काढावी लागेल."

दुपारचा तो दीड तास आई कुठे होती, हे आता आईला विचारायची सोय राहिलेली नव्हती. दुसऱ्यांदा काढली आणि ठेवली तर तीच परत येईल का, हे सांगणारंही कोणी नव्हतं. मी स्क्रीनकडे पाहिलं. नितेशचा मूळ चौथा फोटो उघडाच होता आणि आईभोवतीचा लाल गोल मी अजून पुसलेला नव्हता.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आईने रिकामा कप मागच्या मागे, खांद्यावरून, आमच्याकडे धरला होता. दीक्षा उठली आणि तिने तो घेतला. हात तसाच राहिला, आणखी काहीतरी मागत असल्यासारखा.